संगणकाचं डोकं तापतं तेव्हा

गेल्या वैशाखातली गोष्ट. अक्षय्य तृतीया नुकतीच झाली होती, लग्नसराई ऐन भरात होती. दुपारचं जेवण आटोपून मी जरा पाठ टेकते न टेकते तोच माडीवरून धाकट्या जावेचा रडवेला आवाज आला, "ताई, पुन्हा बंद पडला हो!"

बंद पडला होता तो तिचा संगणक. त्या आठवड्यातली ही तिसरी वेळ.

आमचे भाऊजी जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत लग्नांचं चित्रीकरण करतात. आज ओतूरला, उद्या मंचरला, परवा घोडेगावला. चित्रीकरण ते करतात. पण त्या आठ-दहा तासांच्या चित्रीकरणातून नेमकं निवडून, कापून, सनईचे सूर जोडून तीन तासांची फिल्म तयार करते ती आमची धाकटी जाऊ. घरातलं सगळं आवरलं की रात्री माडीवर जाऊन बसायचं आणि साडेबारा-एकपर्यंत काम करायचं, असा तिचा नेम. संगणकही तिनं स्वतःच्या पैशांतून घेतलेला. दोन वर्षांच्या भिशीची रक्कम आली, ती तिनं दागिन्यात न घालता यंत्रात घातली. त्या वेळी घरात थोडी कुरकुर झालीच होती. म्हणून तर आता तो बंद पडला, की तिच्या पोटात गोळा यायचा. "बायकांनी कशाला पडावं या भानगडीत" असं कुणी तोंडानं बोललं नाही, पण तिला ते ऐकू येत होतं.

ज्या दुकानातून संगणक घेतला होता तिथं भाऊजींनी फोन केला. दुकानदार म्हणाला, "साहेब, तुमचं काम जड आहे. हा प्रोसेसर दमतोय. आय-नाईन टाकून घ्या, दमायचा नाही." आय-नाईन, त्याला पेलेल असा मदरबोर्ड आणि वीजपुरवठ्याचा नवा डबा धरून खर्चाचा आकडा ऐकला, तेव्हा भाऊजी गप्पच बसले. आणि जाऊ मला हळूच म्हणाली, "ताई, माझंच चुकलं का हो?"

मैत्रिणींनो, तिचं चुकलं नव्हतं. चुकलं होतं ते वेगळंच, आणि त्याची दुरुस्ती दोन-अडीच हजारांत झाली. हल्ली मुलांच्या शिक्षणासाठी, घरच्या धंद्यासाठी किंवा बचत गटाच्या हिशेबासाठी घरोघरी संगणक येतो आहे. त्याच्या खरेदीत आपण पडद्याचा आकार पाहतो, रंग पाहतो, किंमत तर पाहतोच. पण त्याचं डोकं आणि ते थंड ठेवणारा पंखा यांची जोडी जुळते की नाही, हे कुणीच पाहत नाही. तेवढंच सांगण्यासाठी हा लेख.

डोकं कोणतं आणि कूलर कोणता?

आधी एक घोटाळा दूर करू. आपल्याकडे टेबलाखालच्या उभ्या डब्यालाच सगळे 'सीपीयू' म्हणतात. खरं म्हणजे तो डबा, त्याला दुकानात कॅबिनेट म्हणतात. खरा सीपीयू, म्हणजेच प्रोसेसर, आतल्या मदरबोर्डवर बसवलेला असतो आणि आकारानं फार तर मारी बिस्किटाच्या अर्ध्याएवढा असतो. संगणकाचा सगळा विचार तो करतो. विचार करताना त्याला वीज लागते आणि ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणजे तो शंभर वॉट वीज खात असेल, तर आपल्या जुन्या शंभराच्या दिव्याइतका तापणार. जुना दिवा पेटलेला असताना हात लावून पाहिला असेल, तर त्या चिमुकल्या चकतीचं काय होत असेल हे वेगळं सांगायला नको.

ही उष्णता ओढून बाहेर टाकणारं जे साधन त्याच्या डोक्यावर बसवतात, त्याचं नाव कूलर. खाली तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा सपाट तळ, त्यावर पातळ पत्र्यांची चळत आणि बाजूला पंखा. आमच्या सासूबाईंना मात्र कूलर म्हणजे वाळ्याचा, पाणी घालायचाच ठाऊक. "कूलर आणायला पुण्याला कशाला जाताय? नारायणगावात हवे तेवढे मिळतात की!" असं त्या म्हणाल्या, आणि त्या ताणातही आम्ही पोटभर हसलो.

दिवाळीत चालला, वैशाखात का अडला?

मी शाळेत बरीच वर्षं गणित शिकवलं. त्यामुळे यंत्रातलं कळलं नाही तरी आकडे दिसले की मला धीर येतो. पुण्याला नोकरी करणाऱ्या आमच्या मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "आई, काकूला आधी प्रोसेसरचं तापमान बघायला सांग. तापमान दाखवणारे प्रोग्रॅम फुकट मिळतात."

ते बसवलं आणि फिल्म बांधून काढायला लावली. (या कामाला रेंडर म्हणतात. यात प्रोसेसरला तासन् तास उसंत नसते.) तीन-चार मिनिटांतच आकडा १०० अंशांवर जाऊन खिळला. जावेचा प्रोसेसर इंटेलचा, आय-५ १२६००के. त्याची सहनशक्तीची मर्यादा १०० अंशच आहे. तिथं पोचला की तो जीव वाचवायला स्वतःच वेग कमी करतो. म्हणूनच एरवी तासाभरात होणारं काम अडीच तास रेंगाळत होतं. आणि आतली हवा तापत जाऊन मदरबोर्डवरचे बाकीचे भागही सोसेनासे झाले, की सगळंच बंद.

आता गंमत पाहा. हाच संगणक दिवाळीत घेतला तेव्हा छान चालला होता. मग वैशाखात काय बिनसलं? पंख्याचा कूलर खोलीतल्या हवेनंच प्रोसेसरला थंड करतो. त्यामुळे तो प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड कधीच करू शकत नाही. फक्त दोघांतला फरक आटोक्यात ठेवतो. समजा, पूर्ण कामात एखादा कूलर हा फरक ७५ अंशांवर रोखतो. मार्गशीर्षात जुन्नरच्या थंडीत खोली १८ अंशांवर असेल, तर प्रोसेसर ९३ वर. निभावलं. वैशाखात पत्र्याखालच्या माडीवर खोलीच ३८ अंशांवर गेली, की बेरीज ११३! मर्यादा तर १००. म्हणजे अडणारच. आणि लग्नं कधी असतात? ऐन उन्हाळ्यात. जेव्हा काम सर्वांत जास्त, तेव्हाच यंत्राला ताप सर्वांत जास्त. म्हणून आपल्या भागात कूलर निवडताना हिशेब वैशाखाचा करायचा, दिवाळीचा नाही.

मुलानं एक सोपी परीक्षा सांगितली. कॅबिनेटची बाजूची काच काढायची आणि समोर टेबलफॅन लावून तेच काम पुन्हा करायला लावायचं. आम्ही लावलं. फिल्म न अडता पुरी झाली! जाऊ तर टाळ्याच वाजवायला लागली. प्रोसेसर धडधाकट होता. त्याची घुसमट होत होती, एवढंच. तुमचाही संगणक उन्हाळ्यात रेंगाळत असेल, तर कुठलाही खर्च करण्याआधी ही बिनपैशाची परीक्षा करून पाहा. काच उघडी असताना पोराबाळांना आणि मांजराला मात्र तिकडे फिरकू देऊ नका.

खोक्यावरचे आकडे वाचायला शिका

मग दोघींनी मिळून बिलं आणि खोकी काढली. प्रोसेसरच्या नावातल्या शेवटच्या अक्षरात पुष्कळ काही लिहिलेलं असतं, हे तेव्हा कळलं.

इंटेलच्या नावाशेवटी 'के' असेल, तर तो जास्त वेगाचा, जास्त तापणारा, आणि त्याच्या खोक्यात कूलर मिळत नाही. तो वेगळा घ्यावा लागतो. जावेच्या दुकानदारानं "पंखा आमच्याकडून" म्हणून एक बुटका पंखा बसवून दिला होता. फुकट मिळालं म्हणून आम्ही खूश. तो पंखा ६५ वॉटांच्या प्रोसेसरला शोभणारा, आणि खाली बसला होता १२५ वॉटांचा, भरात आला की १५० वॉटांपर्यंत जाणारा. पाच माणसांच्या कुकरमध्ये पन्नास पानांचा भात लावल्यासारखंच झालं की हे!

नावाशेवटी 'एफ' असेल, तर त्या प्रोसेसरमध्ये चित्र दाखवणारा भाग नसतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड घेणार नसाल तर 'एफ' स्वस्त दिसला तरी घेऊ नका. पडद्यावर काहीच उमटणार नाही. व्हिडिओचं काम करणाऱ्यांनी तर इंटेलमध्ये 'एफ' नसलेलाच पाहावा, कारण तो चित्राचा भाग व्हिडिओ उलगडायला आणि बांधायला मोठा हातभार लावतो.

एएमडी कंपनीच्या रायझन प्रोसेसरांचं व्याकरण निराळं. रायझन ५ ५६००जी यात 'जी' म्हणजे चित्राचा भाग आहे. नुसत्या ५६०० मध्ये तो नाही. रायझन ५ ७६०० मध्ये मात्र 'जी' नसूनही साधं काम भागेल इतका आहे. आणि ७६००एक्स घेतला तर तो जास्त तापतो आणि खोक्यात कूलर नसतो. नुसत्या ७६०० च्या खोक्यात असतो. एका अक्षरानं इतका फरक!

वॉटचा आकडाही नीट पाहावा लागतो. खोक्यावर ठळक दिसतो तो साधारण कामाचा. खरी भूक त्याहून मोठी असू शकते. आय-५ १२४०० वर ६५ वॉट असतात, पण भरात तो ११७ पर्यंत जातो. ७६०० वरही ६५ असतात, तो ८८ पर्यंत जातो. आणि दुकानदार सांगत होता तो आय-नाईन, म्हणजे १४९००के? लिहिलेले १२५, पण भरातले २५३ वॉट! ज्या माडीवर दीडशे वॉटांनी घाम फोडला, तिथं अडीचशे वॉटांची शेगडी आणून ठेवायला निघाले होते. "दमत नाही" म्हणतात तो जास्त खातो आणि जास्त तापतो, हे सांगायचं राहूनच गेलं.

महागडं ते निर्धोक, असंही नसतं. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतल्या डेस्कटॉप प्रोसेसरांना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जाऊन ते बिघडण्याच्या तक्रारी आल्या. २०२४ मध्ये कंपनीनं दोष मान्य केला, ऑगस्टमध्ये दुरुस्तीचा प्रोग्रॅम दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. घरात त्या पिढीचा प्रोसेसर असेल, तर मदरबोर्डचा बायोस नवा करून घेतला आहे ना, हे जाणकाराकडून जरूर पाहून घ्या.

आधी काम, मग प्रोसेसर

लग्न ठरवताना आपण आधी घर पाहतो, मग पत्रिका. प्रोसेसर घेताना आधी आपलं काम पाहावं.

टायपिंग, बचत गटाचे हिशेब, मुलांचे ऑनलाइन वर्ग, सातबाऱ्याचे उतारे काढणं, एवढंच असेल तर चार गाभ्यांचा, म्हणजे चार कोअरचा, आय-३ १२१०० सारखा प्रोसेसर पुष्कळ झाला. खोक्यातला कूलर त्याला पुरतो. इथं वाचलेले पैसे चांगल्या यूपीएसमध्ये घाला. आपल्याकडे वीज कधी जाईल आणि आल्यावर किती व्होल्टेजनं येईल याचा नेम नसतो.

मुलं अकरावी-बारावीत आहेत, प्रोग्रॅमिंग शिकताहेत, फोटोंचं काम आहे, कधीमधी व्हिडिओ करायचा आहे, तर सहा गाभ्यांचा घ्यावा. आय-५ १२४००, रायझन ५ ५६००जी किंवा ७६०० हे या घरातले. खोक्यातल्या कूलरवर चालतात. पण तासन् तास काम असेल, तर वेगळा कूलर आवाजही कमी करतो आणि उन्हाळाही निभावून नेतो.

रोजचं व्हिडिओचं काम, तेही पोटापाण्यासाठी, असेल तरच 'के' किंवा 'एक्स'च्या वाटेला जावं, आणि कूलरचे पैसे पहिल्या दिवसापासून प्रोसेसरच्या किमतीतच धरावेत. दोघांची किंमत मिळून एक, असंच मनाशी पक्कं करावं.

आणखी एक. काही दुकानांत प्रोसेसर खोक्याशिवाय, नुसता मिळतो. त्याला 'ट्रे' म्हणतात. दोन पैसे कमी पडतात, पण त्याबरोबर कूलर नसतो आणि वॉरंटी कोण देणार ते विचारून घ्यावं लागतं. भाजी घेताना आपण गड्डी उलटी करून बघतो; इथंही बिलावर प्रोसेसरचं पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरासकट, लिहून मागा.

पत्रिका जुळवताना

आता कूलर. तो घेताना चार गुण जुळायला हवेत.

पहिला गुण बैठकीचा. प्रोसेसर ज्या खोबणीत बसतो तिला सॉकेट म्हणतात, आणि कूलर त्याच सॉकेटचा हवा. इंटेलच्या बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीचं सॉकेट आहे एलजीए १७००. त्याभोवतीची भोकं एकमेकांपासून ७८ मिलिमीटरवर असतात. आधीच्या पिढ्यांची ७५ वर. तीन मिलिमीटरचाच फरक, पण जुना कूलर नव्यावर बसत नाही. ब्लाउजच्या हुकांसारखंच हे. एक हुक चुकला की सगळंच तिरपं. २०२४ च्या ऑक्टोबरात आलेल्या कोअर अल्ट्रा प्रोसेसरांचं सॉकेट एलजीए १८५१ आहे, पण भोकांचं अंतर तेच ७८ ठेवलेलं आहे. एएमडीची दोन सॉकेटं, जुनं एएम४ आणि २०२२ मध्ये आलेलं एएम५. मदरबोर्डच्या मूळ पट्टीवर बसणारे एएम४ चे बहुतेक कूलर एएम५ वरही बसतात. तरी कूलरच्या खोक्यावर आपल्या सॉकेटचं नाव स्वतःच्या डोळ्यांनी वाचावं.

दुसरा गुण ताकदीचा. प्रोसेसरची भरातली भूक जितके वॉट, त्याहून थोडी जास्त उष्णता पेलणारा कूलर घ्यावा. चार तांब्याच्या नळ्या, पत्र्यांचा उभा मनोरा आणि १२० मिलिमीटरचा पंखा असा कूलर दीडशे वॉटांच्या आसपासच्या प्रोसेसरला चांगला पुरतो.

तिसरा गुण उंचीचा, आणि इथंच बरेच जण फसतात. असे मनोरे १५० ते १६० मिलिमीटर उंच असतात. नॉक्टुआ कंपनीचा नावाजलेला एनएच-डी१५ तर १६५ आहे. कॅबिनेट अरुंद असेल, तर काच बसतच नाही. जावेनं शिवणकामाची टेप घेतली, मदरबोर्डपासून काचेपर्यंतचं अंतर मोजलं आणि कॅबिनेटच्या कागदावरच्या आकड्याशी ताडून पाहिलं. मर्यादा होती १६०. तिनं वहीत लिहिलं : '१५५ च्या वर नको.' शेजारच्या रॅमच्या पट्ट्या उंच असतील, तर पंखा त्यांना अडतो. तीही उंची मोजून ठेवली.

चौथा गुण वाऱ्याचा. कूलर उष्णता प्रोसेसरपासून काढून कॅबिनेटमध्ये टाकतो. तिथून ती बाहेर गेली पाहिजे ना! जावेच्या कॅबिनेटला पुढे बंद काच होती आणि आत रंगीत दिव्यांची रोषणाई. वारा आत यायला फटच नाही. स्वयंपाकघराच्या खिडक्या बंद करून एग्झॉस्ट लावला तर धूर जाईल का? पुढे जाळी, पुढून वारा आत घेणारे एक-दोन पंखे आणि मागून बाहेर टाकणारा एक, असं कॅबिनेट आपल्या हवेला बरं.

थोरामोठ्यांनाही चुकलेलं नाही

हे सगळं बोलणं चाललं असताना सासूबाईंनी विचारलं, "एवढीशी ती वस्तू, तिचे एवढे लाड?" त्यांना म्हटलं, अहो, मोठमोठ्या संस्थांनाही हे लाड चुकलेले नाहीत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं १९६० साली आपल्या देशात घडवलेला संगणक, टीआयएफआरएसी, काचेच्या व्हॉल्व्हवर चालायचा. त्या व्हॉल्व्हची उष्णता काय कमी असेल? त्याच संस्थेच्या केंद्राची दुर्बीण आज आपल्या तालुक्यात, नारायणगावाजवळ खोडदला आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आकाशातून जे रेडिओ संकेत टिपतात, त्यांचा हिशेब तिथले संगणकच करतात, आणि त्यांच्या खोल्या थंड ठेवाव्या लागतात. पुण्यात सी-डॅकनं १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक घडवला. आता पुण्याच्या आयसर संस्थेत परम ब्रह्म आहे. त्याच्या प्रोसेसरांना थेट भिडवलेल्या पट्ट्यांतून द्रव खेळवून उष्णता नेतात.

द्रव खेळवणारे कूलर घरच्या संगणकांसाठीही मिळतात. दिसतात छान. पण त्यात पंप आला, नळ्या आल्या; पंप बंद पडला की सगळंच अडलं. दीडशे वॉटांपर्यंतच्या कामाला पत्र्यांचा मनोराच बरा. त्यात बिघडण्याजोगा एक पंखा, आणि तो बदलता येतो.

जावेनं स्वतः बसवला

शनिवारी आम्ही दोघी सकाळची पुण्याची एसटी धरून गेलो. बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास हिंडून, वहीतले आकडे दाखवून, १५५ मिलिमीटर उंचीचा, चार नळ्यांचा कूलर आणि कॅबिनेटसाठी दोन पंखे घेतले. एका दुकानात "साहेब नाही आले बरोबर?" असं विचारलं. जाऊ शांतपणे म्हणाली, "साहेब चित्रीकरणाला गेलेत. एलजीए १७०० ची पट्टी खोक्यात आहे ना, तेवढं उघडून दाखवा." मला तिचं असं कौतुक वाटलं!

रविवारी तिनं तो स्वतः बसवला. मुलगा फोनवर व्हिडिओतून बघत होता, मी टॉर्च धरून उभी. आधी वीज बंद करून वायरच काढून ठेवली. जुना पंखा उतरवला तर एका कोपऱ्याची खुंटी अर्धवटच बसलेली निघाली! म्हणजे आधीच लहान, त्यात तिरपा. प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट मऊ कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसली. मग मधोमध मटारच्या दाण्याएवढी नवी पेस्ट. ही पेस्ट कशासाठी? दोन धातूंचे पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले, तरी मध्ये बारीक फटी राहतात, फटीत हवा राहते आणि हवा उष्णतेला वाट देत नाही. पेस्ट त्या फटी बुजवते. जास्त थापण्यात काही फायदा नाही.

कूलरच्या तळाला पारदर्शक कागद चिकटवलेला असतो. तो काढायचा राहून गेल्यानं हैराण झालेली मंडळी कमी नाहीत! तिनं तो आठवणीनं काढला. चारही स्क्रू थोडे थोडे, समोरासमोरचे आवळले; एकच आधी घट्ट केला तर बैठक तिरपी होते. पंख्याची वायर मदरबोर्डवर 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या जागी लावली. शिवणयंत्रात दोरा ओवणारी बोटं ती, त्यांना हे काय जड? पुढची काच काढून टाकली आणि तिथं बारीक जाळी बसवून दोन पंखे लावले.

मुलानं आणखी एक बिनपैशाचा उपाय सांगितला. मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल भूक १५० वॉटांवरून १२५ वर आणून ठेवली. काम काही मिनिटंच लांबतं, ताप मात्र चांगलाच उतरतो.

संध्याकाळी ओतूरच्या लग्नाची फिल्म लावली. बाहेर उकाडा होता, पत्रा तापलेला होता. आकडा चढला, ८० च्या पुढे गेला, ८३ वर थांबला आणि तिथंच राहिला. तासाभरात फिल्म पुरी. दुसऱ्या दिवशी ती नवरीच्या घरी पोचली. उरलेल्या सराईत संगणक एकदाही बंद पडला नाही.

आता दर दोन महिन्यांनी, आणि फाल्गुनापासून धूळ वाढली की दर महिन्याला, ती मऊ ब्रशनं जाळी आणि पत्रे झाडते. झाडताना पंखा बोटानं धरून ठेवते, म्हणजे तो गरगरत नाही. संगणक कुठं न्यायचा असेल, तर मनोऱ्याच्या वजनानं मदरबोर्डला हिसके बसू नयेत म्हणून कॅबिनेट गाडीत आडवं ठेवायचं, तळाखाली उशी घालून.

यंदा आमच्या पुतणीला अकरावीसाठी संगणक हवा होता. तिला आय-सेव्हन आणि रंगीत दिवे हवे होते. भाऊजी उठले आणि जावेला म्हणाले, "कोणता घ्यायचा ते तूच सांग. तुझी ती वही काढ." वही निघाली. पुतणीला आय-५ १२४०० आला, खोक्यातल्या कूलरसकट, जाळीच्या कॅबिनेटमध्ये. उरलेल्या पैशांत यूपीएस. दिवे म्हणून एकच पंखा निळ्या उजेडाचा घेतला. तेवढी हौस पोरीची पुरवायलाच हवी, नाही का?

खरेदीला निघण्याआधी वहीत टिपून घ्या

१. काम कोणतं आणि रोज किती तास? संगणक कोणत्या खोलीत, उन्हाळ्यात ती किती तापते?

२. प्रोसेसरचं पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरासह. भरातले वॉट किती? खोक्यात कूलर आहे का? चित्राचा भाग आहे का?

३. सॉकेटचं नाव, आणि ते कूलरच्या खोक्यावर छापलेलं आहे का?

४. कॅबिनेटमध्ये कूलरला किती मिलिमीटर उंची मिळते? कूलर त्याहून चार-पाच मिलिमीटर बुटका हवा.

५. वारा आत कुठून येतो, बाहेर कुठून जातो?

६. बसवून झाल्यावर दुकानातच अर्धा तास जड काम लावून तापमान पाहा. थंडीत खरेदी केली, तर वैशाखातले वीस अंश मनातल्या मनात मिळवा, आणि मगच पैसे द्या.